पालवणकर बाळू: फिरकी गोलंदाज ते बाबासाहेबांविरुद्धचे उमेदवार

खडकीकर

राजकारणात गेलेल्या खेळाडूंचा विषय निघाला की सिद्धू, अझरुद्दीन, कीर्ती आझाद, गंभीर ही नावं पटापट येतात. त्यांच्या कितीतरी आधीचं आणि आपल्या पुण्या-मुंबईतलंच एक नाव राहून जातं. पालवणकर बाळू. ज्यांना ठाऊक असतं त्यांनाही बहुधा एवढंच ठाऊक असतं, की हा दलित क्रिकेटपटू बाबासाहेबांच्या विरोधात निवडणुकीला उभा राहिला. तेवढ्यावरून त्यांना निकालात काढलं जातं, ते मला सहन होत नाही. म्हणून हा धागा.

आधी थोडा क्रिकेटचा भाग, कारण पुढचं राजकारण त्यातूनच आलंय असं माझं ठाम मत आहे.

जन्म १८७६ चा, धारवाडचा. घराणं मूळचं कोकणातलं, जात चांभार. वडील लष्करी नोकरीत असल्यामुळे कुटुंब पुण्याला आलं. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. घरच्या परिस्थितीमुळे शाळा सुटली. पहिली नोकरी पारशांच्या क्रिकेट क्लबात, महिना तीन रुपये. काम खेळपट्टी झाडायचं आणि रोलर फिरवायचं. मग १८९२ च्या सुमारास पूना क्लब, महिना चार रुपये. तिथे रोलर, नेट बांधणं, चुन्याच्या रेषा मारणं, टेनिसची कोर्टं आखणं, सगळंच.

नेटमध्ये साहेबांना सरावासाठी कोणीतरी चेंडू टाकणारा लागायचा. बाळू टाकू लागले. डावखुरी संथ फिरकी, आणि चेंडू दोन्हीकडे वळवण्याची कला. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा भारतातला मोठा इंग्रज फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येऊन बाळूंसमोर सराव करायचा, आणि बाद झाला की दर वेळी आठ आणे द्यायचा, अशी कथा आहे. कथेत मीठमसाला असेल. पण एक गोष्ट मला त्या आठ आण्यांपेक्षा जास्त बोचते. तासन् तास गोलंदाजी करून घेणाऱ्या या क्लबानं त्यांना बॅट कधी हातात दिली नाही. फलंदाजी साहेबांची, घाम गड्याचा.

पुण्यातल्या हिंदूंच्या संघाला पूना क्लबच्या गोऱ्यांना हरवायचं होतं, आणि त्या गोऱ्यांना रोज बाद करणारा माणूस तर गावातच होता. संघात घ्यायचं की नाही यावर वाद झाला. शेवटी घेतलं. मैदानावर चेंडू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जायचा, त्याला विटाळ नव्हता. चहापानाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू तंबूत कपबशीत चहा घ्यायचे आणि बाळूंना बाहेर मातीच्या भांड्यात मिळायचा. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागा वेगळी.

मुंबईला आल्यावर हिंदू जिमखान्याकडून खेळताना हे हळूहळू सुटत गेलं. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर'सारख्या साप्ताहिकानं त्या विजयाबरोबर या दोन भावांना जिमखान्यात घेतल्याचंही कौतुक केलं. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. महाराज पंचम जॉर्जच्या राज्यारोहणाच्या समारंभांत गुंतले, संघ सपाटून हरला, पण पस्तिशीच्या बाळूंनी त्या दौऱ्यात १८.८४ च्या सरासरीनं ११४ बळी घेतले. तरुण आंबेडकरांना ज्यांचा अभिमान वाटत असे अशा मोजक्या माणसांत बाळू होते.

आता विचार करा. ज्या माणसानं बाहेर बसून मडक्यात चहा प्यायला, त्याच माणसानं पुढे हिंदू जिमखान्याच्या पंगतीत बसून जेवण केलं. कायद्यानं नाही, आंदोलनानंही नाही. संघाला त्यांची गरज होती आणि ते अकरांत होते म्हणून. एका आयुष्यात एवढं बदललेलं ज्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तो पुढे 'आत राहूनच बदल होईल' असं म्हणाला तर मला त्यात लाचारी दिसत नाही. त्याचा अनुभव दिसतो.

१९३२ चा पुणे करार, १९३७ ची निवडणूक, यावर जाणकारांनी लिहावं.

---

लेगब्रेक

उत्तम धागा. पण अनुभवाचा अर्धाच भाग आलाय. कप्तानपदाचं काय?

चौरंगी सामन्यांच्या (हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन संघांच्या) काळात हिंदू संघात बाळूंपेक्षा मोठा गोलंदाज नव्हता, आणि अनुभवानंही ते सगळ्यांत पुढे. दरवर्षी कप्तान दुसराच व्हायचा. एम. डी. पै यांना १९१३ मध्ये कप्तान केलं, तेव्हा हा मान बाळूंना मिळायला हवा होता असं खुद्द पैच म्हणाले. पैंचा मोठेपणा खराच, पण निवडणाऱ्यांनी पुढेही काही बदललं नाही.

१९२० मध्ये कडेलोट झाला. पै आजारी, म्हणून पहिल्या सामन्याला दि. ब. देवधर कप्तान. बाळूंना तर संघातूनच वगळलं. विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतलं आणि जाहीर पत्रक काढलं. आम्ही तथाकथित अस्पृश्य वर्गातले म्हणून आम्हाला डावललं जातं, असं त्यात सरळ लिहिलं होतं. १९२० मध्ये, वर्तमानपत्रांतून! मुंबईत चर्चा पेटली आणि निवड समितीला नमतं घ्यावं लागलं. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात बाळू परत आले, उपकप्तान म्हणून. सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ बाळूंनी संघ सांभाळला.

चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, आयुष्यभराची गोलंदाजी, आणि पदरात पडलं ते तासाभराचं कप्तानपद, तेही दुसऱ्यानं जागा करून दिली म्हणून. धागाकर्ते म्हणतात की या अनुभवातून 'आत राहून बदल' हा विश्वास आला. मला तर याच अनुभवातून उलटा निष्कर्ष निघतो. आत राहून चहाची कपबशी मिळाली. सत्ता मिळाली नाही.

---

खडकीकर

लेगब्रेक, मुद्दा बिनतोड आहे. पण त्याच्या पुढची तीन वर्षंही बघा. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले, त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतलं. त्यात सवर्ण होतेच. थोरल्या भावाला जे मिळालं नाही ते धाकट्याला मिळालं. बाळूंनी हेही पाहिलं. विठ्ठल यांनी पुढे मराठीत आपल्या क्रिकेटच्या आठवणी लिहून ठेवल्या, त्यामुळे आतल्या बाजूनं पाहिलेलं काही तरी आपल्यापर्यंत आलं.

१९२० च्या पत्रकावरून एक गोष्ट मात्र स्पष्ट होते. ही मंडळी मुकाट बसणारी नव्हती.

---

जुनी पानं

पुणे कराराबद्दल विचारलंय म्हणून लिहितो.

१९३२ च्या सुरुवातीला मद्रासचे अस्पृश्यांचे पुढारी एम. सी. राजा आणि हिंदू महासभेचे डॉ. मुंजे यांच्यात समझोता झाला. स्वतंत्र मतदारसंघ (अस्पृश्यांचा प्रतिनिधी फक्त अस्पृश्यांनीच निवडायचा) नकोत, संयुक्त मतदारसंघात (सगळ्यांनी मिळून मत द्यायचं) राखीव जागा हव्यात, असं त्याचं सूत्र. बाळू राजांच्या बाजूनं होते. ऑगस्टमध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅक्डोनल्डचा जातीय निवाडा आला आणि अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. २० सप्टेंबरला येरवड्यात गांधीजींचं उपोषण सुरू झालं आणि २४ सप्टेंबरला करार झाला. निवाड्यात प्रांतिक विधिमंडळांच्या ७१ जागा होत्या, करारात त्या १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त.

करारावरच्या सह्यांची यादी काढून बघा. मालवीय, सप्रू, जयकर, राजगोपालाचारी, राजेंद्रप्रसाद, बिर्ला, आंबेडकर, श्रीनिवासन, राजा, सोळंकी... आणि पी. बाळू. एक निवृत्त गोलंदाज. ज्यानं येरवड्यापासून फार लांब नसलेल्या मैदानावर चार रुपये पगारावर रोलर ओढला होता, त्याची सही देशाच्या घटनात्मक इतिहासातल्या एका मोठ्या कागदावर आहे. हे शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

---

गिरणगाव

सही आहे हे खरं, पण त्या सहीचं वजन समजून घ्या. तिथे बाबासाहेबांवर केवढं दडपण होतं! उपोषण करणाऱ्याचा जीव गेला असता तर गावोगावच्या वस्त्यांवर काय बेतलं असतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. अशा वेळी आपल्यातलेच नामवंत लोक समोरच्या बाजूला बसलेले असतात तेव्हा वाटाघाटी करणाऱ्याचा हात कमजोर होतो. काँग्रेसला आणि महासभेला बाळू हवे होते ते याचसाठी. 'बघा, अस्पृश्यांचा एवढा मोठा माणूस आमच्याकडे आहे.'

१३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हाही बाळूंनी विरोध केला, तो मार्ग आत्मघातकी म्हटला. आणि मग १९३७.

मतदारसंघ मुंबईचा भायखळा-परळ. म्हणजे आमचा गिरणगाव, चाळी, बीडीडी, कामगार. बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाचे, बाळू काँग्रेसचे. बाबासाहेबांना १३,२४५, बाळूंना ११,२२५. काँग्रेसनं त्या राखीव जागेसाठी दुसरा कोणी का नाही शोधला? कारण बाबासाहेबांना त्यांच्याच बालेकिल्ल्यात टक्कर द्यायला ज्याच्या नावाला घरोघरी मान आहे असाच माणूस लागणार होता. बाळूंचा वापर झाला, हे माझं मत आहे आणि ते मी बाळूंबद्दल पूर्ण आदर ठेवून मांडतोय.

आणि निवडून आल्यावर बाबासाहेबांनी काय केलं तेही लिहायला हवं. सप्टेंबर १९३७ मध्ये खोती, म्हणजे कुळांकडून सारा वसूल करणाऱ्या खोतांची पद्धत, रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती कुठली? कोकणातली. पालवणकर घराणंही कोकणातलंच. पुढच्या वर्षी कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरचा संप झाला, त्यात ते पुढे होते. 'आत राहून' हे झालं असतं का?

---

खडकीकर

खोतीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. बाबासाहेब निवडून आले हे महाराष्ट्राचं भाग्य, यात मला तिळभर शंका नाही.

'वापर झाला' याला मात्र माझा विरोध आहे. साठीतला माणूस, तीसेक वर्षं जिमखान्याचं राजकारण जवळून पाहिलेला, भावांचं जाहीर पत्रक पचवलेला. त्याला आपण कुठे आणि कशासाठी उभे आहोत हे कळत नव्हतं, असं मानायचं? गोऱ्यांच्या क्लबात तो राबला तेव्हा आपण म्हणतो वापर झाला. हिंदूंच्या संघात खेळला तेव्हाही वापर झाला. काँग्रेसकडून उभा राहिला, पुन्हा वापरच झाला. मग या माणसानं स्वतः ठरवलेलं असं काही होतं की नाही? १९३२ पासून त्यांची भूमिका एकच दिसते: संयुक्त मतदारसंघ, हिंदू समाजात राहून सुधारणा. मुंबई पालिकेची निवडणूक ते १९३३ मध्ये हिंदू महासभेकडून लढले आणि हरले. हरूनही चार वर्षांनी पुन्हा उभे राहिले. भूमिका चुकीची ठरवा, पण ती त्यांची होती एवढं तरी त्यांना द्या.

---

रापी

या धाग्यावर लिहावं की नाही, बराच विचार केला. मी चर्मकार समाजातला. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे आणि रविदासांचाही.

बाळूंच्या निवडीमागे जात आहे, ते कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. त्या काळात चांभार समाजातले बरेच पुढारी बाबासाहेबांच्या पक्षाबाहेर राहिले. महार समाजाची चळवळ संख्येनं मोठी, लष्करातून आणि गिरण्यांतून उभी राहिलेली. आमची माणसं धंद्यात, दुकानाच्या ओट्यावर, गावगाड्याशी आणि शहरातल्या सवर्ण गिऱ्हाइकाशी रोजच्या देण्याघेण्यात बांधलेली. उघड भांडण परवडणारं नव्हतं. त्यात 'आम्ही तुमच्याहून वरचे' ही जातीची उतरंड आमच्यातही होती. हे कबूल करायला जड जातं, पण ते होतं. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत बाबासाहेबांना मुंबईत ज्यांनी हरवलं ते नारायणराव काजरोळकरही आमच्याच समाजातले, आणि काँग्रेसचेच.

लहानपणी वडीलधारे सांगायचे, आपल्यात एक क्रिकेटवाला होऊन गेला, साहेबाची दांडी उडवायचा. तो बाबासाहेबांविरुद्ध उभा राहिला होता हे कधी सांगितलं नाही. मला ते कॉलेजात कळलं. त्या दिवशी फार वाईट वाटलं होतं. आज एवढंच वाटतं, की दोन्ही गोष्टी एकत्र सांगायला हव्या होत्या. मुलाला दोन्ही एकत्र कळल्या तर तो कोणाचाच द्वेष करत नाही.

---

लेगब्रेक

रापी, तुमचा प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचला. लिहिलंत ते बरं केलंत.

---

गिरणगाव

रापी भाऊ, जय भीम. 'कोणाचाच द्वेष करत नाही' हे पटलं. 'वापर' या शब्दावर मी अजूनही ठाम आहे, पण तो शब्द मी काँग्रेससाठी वापरतोय, बाळूंसाठी नाही. एवढा फरक धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावा.

---

जुनी पानं

काजरोळकरांचं नाव आलं म्हणून एक जोड. बाळू संयुक्त मतदारसंघाचे पुरस्कर्ते, आणि १९३७ मध्ये त्याच संयुक्त मतदारसंघात ते बाबासाहेबांकडून हरले. सवर्ण मतदारही मतदान करत असताना! बाबासाहेबांना जी भीती होती, की संयुक्त मतदारसंघात सवर्णांना सोयीचाच अस्पृश्य उमेदवार निवडून येईल, ती त्या वेळी मुंबईत खोटी ठरली. पंधरा वर्षांनी, त्याच शहरात, ती खरी ठरली. त्यामुळे १९३७ चा निकाल दाखवून 'संयुक्त मतदारसंघ न्याय्यच होता' असं कोणी म्हणू लागलं तर १९५२ चाही दाखवावा.

---

डीप थर्डमॅन

क्रिकेट आणि राजकारण दोन्हींत रस असल्यामुळे एक वेगळं उदाहरण सुचवतो. जयपाल सिंग मुंडा. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमधल्या हॉकी संघाचे कप्तान. पुढे आदिवासी महासभेचे अध्यक्ष, संविधान सभेचे सदस्य, मग झारखंड पार्टी. त्यांनी स्वतःचा पक्ष उभा केला. बाळूंना तसं करता आलं असतं का?

---

खडकीकर

जयपाल सिंगांवर वेगळा धागा काढाच, त्यांचं आयुष्य एका प्रतिसादात मावणार नाही.

तुलना मात्र जपून करायला हवी. जयपाल सिंग ऑक्सफर्डला शिकलेले, आयसीएसला निवड झालेले. त्यांच्यामागे छोटानागपूरचा सलग आदिवासी मुलूख होता. बाळूंची शाळा लहानपणीच सुटलेली, समाज गावोगाव दोन-चार घरांनी विखुरलेला. त्यांची सगळी प्रतिष्ठा क्रिकेटनं दिलेली, आणि क्रिकेट तेव्हा जिमखान्यांचं, संस्थानिकांचं, धर्मवार संघांचं. स्वतःचा पक्ष काढायला लागणारं काहीच हाताशी नव्हतं. जे होतं ते नाव. त्या नावावर भायखळा-परळमध्ये, बाबासाहेबांसमोर, ११ हजारांवर मतं पडली. दोन हजारांचाच फरक! खेळ सोडून सोळा वर्षं झालेल्या माणसाला.

---

लेगब्रेक

आकड्यांचं निघालंय तर शेवटचे क्रिकेटचे आकडे नोंदवून ठेवतो, म्हणजे धाग्यात एका जागी राहतील. प्रथम दर्जाचे सामने ३३, बळी १७९, सरासरी १५.२१. पहिला सामना १९०५-०६ च्या मोसमातला, म्हणजे वयाच्या तिशीजवळ. आधीची उमेदीची वर्षं या हिशोबात धरलेलीच नाहीत, कारण तेव्हा त्या दर्जाचे सामने त्यांच्या वाट्याला आले नाहीत. १९११ च्या दौऱ्यातले ११४ बळी सगळ्या सामन्यांचे, त्यांतले ७५ प्रथम दर्जाचे. सर्वोत्तम कामगिरी केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध, १०३ धावांत ८. इंग्रज समीक्षक त्यांची तुलना इंग्लंडचा नामवंत डावखुरा फिरकी गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्सशी करायचे. कसोटी सामना एकही नाही. भारताची पहिली कसोटी १९३२ ची, तेव्हा ते ५६ वर्षांचे होते.

---

जुनी पानं

आणि त्याच १९३२ च्या सप्टेंबरात पुणे करार. जूनमध्ये लॉर्ड्सवर पहिल्या कसोटीसाठी सी. के. नायडूंचा संघ, सप्टेंबरमध्ये येरवड्यात पी. बाळूंची सही.

---

गिरणगाव

४ जुलै १९५५ ला बाळू गेले. तेव्हा बाबासाहेब हयात होते. दोघांच्या शेवटच्या काळात काही भेट, पत्र, निरोप झाला होता का, कोणाकडे त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांची कात्रणं असतील तर इथे टाका. बाबासाहेबांच्या 'जनता' पत्राचे जुने अंक आणि १९३७ च्या प्रचाराची पत्रकं मिळाली तर फारच उत्तम. मी दादरच्या ग्रंथालयात विचारून बघतो.

---

रापी

आमच्या समाजाच्या जुन्या वार्षिकांचे गठ्ठे काकांकडे आहेत. दिवाळीत गावी गेलो की चाळतो. पालवणकरांवर काही सापडलं तर फोटो काढून इथेच चिकटवतो.